धनशक्ती, लोकशाही आणि एक गहाळ कॉलम

"राजकारण म्हणजे पैशाचा खेळ" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकूच येत नाही. कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय क्रिकेटवर जातो. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही लोकशाहीसमोरच्या आव्हानांची एक यादी असायची. निरक्षरता, जातीयता, भ्रष्टाचार आणि त्याच रांगेत कुठेतरी 'निवडणुकीतील पैशाचा वापर'. एक मुद्दा, एक मार्क! पण पैसा लोकशाहीला नेमका कुठे आणि कसा मारतो, हे त्या मुद्द्यात नव्हतं. मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. व्हायव्हाला "मशीन खराब आहे" एवढंच उत्तर दिलं तर कुणी पास करत नाही. कोणता भाग बिघडला, कशामुळे, हे सांगावं लागतं. या लेखात मी तेवढंच करणार आहे आणि त्यासाठी एकच केस घेतली आहे. ती म्हणजे निवडणूक रोखे, अर्थात इलेक्टोरल बॉन्ड.

हीच केस का? एक तर तिची कागदपत्रे आज सगळ्यांसमोर आहेत. अंदाज, अफवा, व्हॉट्सअॅप फॉरवर्ड यांची गरज नाही. दुसरं म्हणजे आमच्यापैकी बऱ्याच जणांनी आयुष्यातलं पहिलं मत २०२४ साली दिलं आणि ही कागदपत्रे त्याच निवडणुकीच्या तोंडावर बाहेर आली. तीसुद्धा सहजासहजी नाही.

आधी एक गोष्ट मान्य करू. निवडणूक लढवायला पैसा लागतो आणि त्यात पाप काही नाही. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. ५४३ ने भागा, एका मतदारसंघात सरासरी पावणेअठरा लाखांच्या आसपास येतात. मोठ्या राज्यांत उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती ९५ लाख रुपये. म्हणजे दर मतदारामागे साधारण सव्वापाच रुपये. एवढ्यात आपल्या कॅन्टीनचा कटिंगसुद्धा येत नाही! पत्रकं, गाड्या, मंडप, माईक, कार्यकर्त्यांचा वडापाव, सगळं त्यातच बसवायचं. आता कुणी म्हणेल, मग मर्यादा चांगलीच कडक आहे की! पण ती उमेदवाराला आहे. पक्षाने आपल्या प्रचारावर किती खर्च करावा, याला कायद्यात मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. त्याच वर्षी कायदा बदलला आणि तो खर्च हिशेबाबाहेर काढला गेला. पुढच्या दरवाज्याला कुलूप लावायचं आणि मागची भिंतच पाडायची, असला हा प्रकार.

थोडक्यात, पक्षांना प्रचंड पैसा लागतो आणि तो कुणीतरी देतो. प्रश्न असा की देणारा कोण हे मत देणाऱ्याला कळतं की नाही.

या प्रश्नाचं मूळ आपल्या मुंबईत आहे, हे मला हा लेख लिहायला घेतल्यावर कळलं. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ दस्तऐवजात, बदल करायचा होता. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. समोर होते मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. कायद्यात मनाई नव्हती म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण देताना बजावलं की ही वाट धोक्याची आहे, हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा घोटू शकतो आणि संसदेने यात लक्ष घालावं. स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. टाटांची प्रतिमा तेव्हाही स्वच्छ होती, म्हणजे कंपनी वाईट म्हणून ते बोलले असं नव्हे. त्यांचा आक्षेप वाटेला होता.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. पैसा थांबला नाही, पांढऱ्याचा काळा झाला, कारण बंदी घालताना पक्षांना दुसरा मार्ग कुणी दिला नव्हता. १९८५ मध्ये बंदी उठली. कंपनीच्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी देता येऊ लागली. २०१३ च्या कंपनी कायद्यात ते साडेसात टक्के झाले. शिवाय कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने हिशेबात दाखवायचं, अशी अट होती. मला विचाराल तर ही व्यवस्था सुधारता आली असती. आली त्याऐवजी २०१७ ची दुरुस्ती. त्या वर्षीच्या वित्त कायद्यातून नफ्याच्या टक्केवारीची मर्यादा गेली आणि पक्षाचं नाव सांगण्याची अटही गेली. नफा असो वा तोटा, कंपनी कितीही देऊ शकेल आणि कुणाला दिले ते सांगणार नाही! आणि हे सगळं धन विधेयक म्हणून आलं. म्हणजे राज्यसभेने कितीही आक्षेप घेतला तरी ते अडवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच हरकत घेतली होती. निवडणूक आयोगाने मे २०१७ मध्ये सरकारला लिहिलं की हे पाऊल पारदर्शकतेला मागे नेणारं आहे. जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झालीच.

आता यंत्र कसं चालायचं ते पाहू. 'रोखे' या शब्दात रोख आहे, पण ते रोखीने विकत मिळत नव्हते. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत जायचं, केवायसी द्यायची, चेक किंवा खात्यातून पैसे भरायचे आणि १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख किंवा १ कोटी रुपयांचा रोखा घ्यायचा. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नाही, पक्षाचंही नाही. १५ दिवसांत पक्षाने तो आपल्या खात्यात जमा करायचा. सरकारचं म्हणणं होतं की यामुळे काळा पैसा कमी होईल, कारण सगळं बँकेतून होतंय. आणि देणाऱ्याचं नाव गुप्त राहिलं की हरलेल्या पक्षाला दिले म्हणून जिंकलेला पक्ष त्याच्यावर सूड उगवणार नाही. हा दुसरा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. छोट्या व्यापाऱ्याला खरंच ती भीती असू शकते. पण छोटे व्यापारी एक हजाराचे रोखे घेत बसले नव्हते. विकल्या गेलेल्या रोख्यांच्या एकूण रकमेपैकी ९० टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांत होती!

आणि गुप्त म्हणजे कुणापासून? देणाऱ्याला माहीत आहे आपण दिले. घेणाऱ्याला तो सांगणारच, नाहीतर कोट्यवधी रुपये देण्याचा उपयोग काय? केवायसी केलेल्या स्टेट बँकेला माहीत. ती बँक सरकारी मालकीची आणि तपास यंत्रणेने गुन्हा नोंदवून माहिती मागितली तर ती देण्याची तरतूद योजनेतच होती. राहिलं कोण? मतदार. सगळ्या वर्गाला पेपर माहीत आणि एकट्या परीक्षकाला माहीत नाही, अशी ही परीक्षा.

इथे एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एप्रिल २०१८ मध्ये एका पत्रकार बाईंनी एक-एक हजाराचे दोन रोखे विकत घेतले आणि सरळ लॅबमध्ये तपासायला दिले. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाखाली धरल्यावर कोपऱ्यात अक्षरं आणि आकडे मिळून एक छुपा नंबर चमकला. प्रत्येक रोख्यावर वेगळा. बातमी झाली. अर्थ मंत्रालयाने खुलासा केला की हा नंबर फक्त बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे, स्टेट बँक तो घेणाऱ्याच्या किंवा पक्षाच्या नोंदीशी लिहून ठेवत नाही. हा खुलासा लक्षात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने योजना रद्द केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालाचा गाभा असा की मत देणाऱ्याला, पक्षाला पैसा कुठून येतो हे जाणून घेण्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातूनच येतो. कंपन्यांना दिलेली अमर्याद मोकळीकही रद्द झाली. व्यक्ती जी देणगी देते ती पाठिंबा म्हणून देऊ शकते, कंपनीची देणगी मात्र मुख्यतः व्यवहार असते, हा निकालातला फरक मला सगळ्यात पटला. स्टेट बँकेने एप्रिल २०१९ पासूनची सगळी माहिती ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यावी, असा आदेश झाला.

आणि मग आपल्या अभ्यासक्रमातला भाग सुरू होतो! स्टेट बँक म्हणाली, ३० जूनपर्यंत मुदत द्या. कारण? रोखे कुणी घेतले याची यादी वेगळी, कुणी वटवले याची वेगळी, दोन्ही सीलबंद पाकिटांत मुंबईच्या मुख्य शाखेत आणि दोन्ही याद्या जुळवायला वेळ लागेल. एकूण नोंदी किती? घेतलेले रोखे २२,२१७ आणि त्यांच्या दोन्ही बाजू मिळून ४४,४३४. डेटाबेस मॅनेजमेंटचं पहिलं सबमिशन केलेला कुणीही सांगेल की दोन टेबलांत एक समान कॉलम असेल, म्हणजे की असेल, तर एवढ्या ओळींचं जॉइन करायला लॅबमधल्या जुन्या पीसीलाही सेकंद पुरे. बँकेचं म्हणणं होतं की सगळ्या नोंदी डिजिटल नाहीत. समजा मानलं. पण कॅलेंडर पाहा. लोकसभेचं मतदान संपणार होतं १ जूनला, निकाल ४ जूनला आणि माहिती येणार होती ३० जूनला. ११ मार्च रोजी कोर्टाने मुदतवाढ नाकारली आणि दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली. जे काम साडेतीन महिन्यांचं होतं ते त्या दिवशी जमलं.

१४ मार्चला निवडणूक आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या. पहिलीत घेणारे, दुसरीत वटवणारे पक्ष. मधला कॉलम गायब! कुठला रोखा कुठे गेला ते कळायला मार्ग नाही. कोर्टाने पुन्हा कान धरला, तेव्हा २१ मार्चला रोख्यांचे नंबर आले. हो, तेच नंबर, जे अल्ट्राव्हायोलेटखाली चमकले होते आणि जे कुठल्याही नोंदीशी लिहून ठेवलेच जात नव्हते. नंबर मिळाले आणि देशभरच्या पत्रकारांनी, विद्यार्थ्यांनी घरबसल्या दोन याद्या जोडल्या. म्हणजे सहा वर्षे तो कॉलम अस्तित्वात होता. फक्त तो आपल्याला दाखवलेला नव्हता.

जोडून काय दिसलं? संपूर्ण योजनेत सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. जाहीर झालेल्या काळात भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला १,६०९ कोटी, काँग्रेसला १,४२१ कोटी आणि तेलंगणच्या भारत राष्ट्र समितीला १,२१४ कोटी. केंद्रात सत्ता त्याला सर्वाधिक, राज्यात सत्ता त्याला त्याखालोखाल, असा ढोबळ नमुना. सर्वात मोठा खरेदीदार होता फ्युचर गेमिंग, लॉटरीचा धंदा, १,३६८ कोटी. या कंपनीमागे ईडीची चौकशी होती. तिने सर्वाधिक पैसे दिले तृणमूलला, पाचशे कोटींच्या वर, आणि पश्चिम बंगाल हे लॉटरी विक्रीला परवानगी असलेलं राज्य आहे. दुसऱ्या नंबरवर होती मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. हे नाव आपल्या सिव्हिलच्या मित्रमैत्रिणींना माहीत असेल. धरणं, उपसा सिंचन, बोगदे अशी कामं करणारी कंपनी. तिचे सर्वाधिक पैसे भाजपकडे गेले, त्याखालोखाल भारत राष्ट्र समितीकडे. एप्रिल २०२३ मध्ये या कंपनीने शंभर कोटींहून अधिक किमतीचे रोखे घेतले आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं सुमारे १४ हजार कोटींचं काम तिला मे २०२३ मध्ये मिळालं.

थांबा. इथेच बहुतेक लोक घाई करतात. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली, असं होत नाही. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी कोरिलेशन आणि कारण यातला फरक शिकवलाय, तो इथेही लागू आहे. मोठी कंपनी मोठी कामं घेतेच, आणि ती पात्रही असू शकते. काही मिळाल्याबद्दल देणगी दिली गेली, हे कुठल्याही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. विशेष तपास पथक नेमण्याची मागणी सुप्रीम कोर्टाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. माझा मुद्दा वेगळा आहे. बोगद्याचं काम देताना, म्हणजे २०२३ मध्ये, हा प्रश्न आमदाराला, पत्रकाराला किंवा ठाण्यात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला विचारताच येत नव्हता. उत्तर "सगळं स्वच्छ आहे" असंही असू शकलं असतं. पण प्रश्नच अशक्य करून ठेवला होता.

कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो की आउटपुट मोजून ते परत इनपुटला जोडलं की सिस्टिम ताळ्यावर राहते. लोकशाहीत हा फीडबॅक म्हणजे मत. सरकारने काय केलं ते पाहून लोक ठेवतात किंवा घालवतात. आता सेन्सरवर काळी पट्टी चिकटवा. वायर तोडायची गरज नाही, फीडबॅक लूप चालूच राहील, बोटाला शाई लागेल, टक्केवारी जाहीर होईल. फक्त मोजमाप चुकीचं असेल. म्हणून मला मतदारसंघात वाटल्या जाणाऱ्या पाकिटांपेक्षा हे रोखे जास्त भयंकर वाटतात. पाकीट घेणाऱ्याला निदान माहीत असतं की आपल्याला विकत घेतलं जातंय.

हा एका पक्षाचा दोष आहे असं समजून कुणी खूश होऊ नये. मार्च २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने भाजप आणि काँग्रेस दोघांनाही परदेशी कंपनीच्या मालकीच्या कंपन्यांकडून देणग्या घेतल्याबद्दल दोषी ठरवलं. मग काय झालं? २०१६ च्या वित्त कायद्यात परदेशी देणगीची व्याख्याच बदलली, तीही २०१० पासून मागे जाऊन. तेवढ्यात भागेना, कारण देणग्या त्याआधीच्या होत्या, म्हणून २०१८ मध्ये ती सवलत थेट १९७६ पर्यंत मागे नेली. आम्हाला मागच्या सेमिस्टरचे केटी असे सुटत नाहीत! संसदेत एरवी एकमेकांचा माईक बंद पाडणारे दोन पक्ष, पण या वेळी फारसा गोंधळ ऐकू आला नाही.

पैशाची दुसरी बाजू म्हणजे उमेदवारच श्रीमंत असणं. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे तपासते. तिच्या मोजणीनुसार लोकसभेत करोडपती खासदार २००९ मध्ये ५८ टक्के होते, २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८८ आणि २०२४ मध्ये ९३ टक्के. आता खरं सांगायचं तर एक कोटी म्हणजे आज पुण्यात एक बरा फ्लॅट, त्यामुळे या आकड्याने मी फार दचकत नाही. दचकवतो तो दुसरा आकडा. २०२४ मध्ये करोडपती उमेदवाराची जिंकण्याची शक्यता १९.६ टक्के होती आणि एक कोटीपेक्षा कमी मालमत्ता असलेल्याची ०.७ टक्के. यावर स्वतंत्र लेख होईल, आणि संपादक मंडळाने दिलेली शब्दमर्यादा मी बहुधा आधीच ओलांडली आहे.

मग आता रोखे गेले, सगळं ठीक झालं का? नाही. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, हे चांगलं. पण २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाने सांगायचं नसतं, हे जुनं भगदाड तसंच आहे. रोख देणगीची मर्यादा २०१७ मध्ये दोन हजारांवर आणली, तरी नावाची मर्यादा वीस हजारच. दुसरं भगदाड आहे इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे २०१३ पासूनची योजना. कंपन्या ट्रस्टला पैसे देतात, ट्रस्ट पक्षांना. ट्रस्ट दोन्ही याद्या जाहीर करतो, त्यामुळे रोख्यांपेक्षा ही पद्धत निश्चितच बरी. पण पैसा एकाच हौदात पडतो आणि हौदातून नळ निघतात. कुणाचं पाणी कुठल्या नळातून गेलं ते यादीत नसतं. दोन टेबलं आहेत, मधला कॉलम पुन्हा नाही.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. पक्षांचे देणगी अहवाल निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही मिळतात, जरूर उघडून बघा, पीडीएफ स्कॅन केलेल्या असतात आणि सर्च चालत नाही, पण वाचता येतात. हे अहवाल आर्थिक वर्ष संपल्यावर येतात. आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला आणि लोकसभेची निवडणूक असते एप्रिल-मे मध्ये. म्हणजे २०२९ ची निवडणूक नेहमीच्या वेळी झाली, तर प्रचार ऐन भरात असताना एप्रिल आणि मे मध्ये कुणी कुणाला किती दिले, हे सांगणारा वार्षिक अहवाल मार्च २०३० नंतर तयार होईल. तो दाखल करण्याची शेवटची तारीख त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी-शेवटी येते. तोपर्यंत नवीन सरकारला सव्वा वर्ष होऊन गेलेलं असेल.